जॅकवेल ते ऑफिस वायरलेस लिंक सुरक्षित कशी करावी? (वाळवा तालुका, सांगली)

उपसा_सिंचन

नमस्कार मंडळी,

आमच्या गावची सहकारी पाणीपुरवठा संस्था आहे. कृष्णेवर जॅकवेल (मोटारी बसवलेली नदीकाठची विहीर), तिथून राइजिंग मेन (पाणी वर नेणारी मुख्य पाइपलाइन) माळावरच्या डिलिव्हरी चेंबरपर्यंत. गावातल्या उंच पाण्याच्या टाकीवर मधला नोड (रेडिओ-राउटरचा संच) बसवलाय. जॅकवेल ते टाकी साधारण २ किलोमीटर, टाकी ते चेंबर ५ किलोमीटर. संस्थेचं ऑफिस टाकीच्या पायथ्यालाच आहे. सध्या या लिंकवरून मोटारींचे अँपिअर-व्होल्टेज, चेंबरची पाणीपातळी आणि दोन कॅमेरे दिसतात. पुढे मोटर चालू-बंदही ऑफिसातून करायचा विचार आहे.

अडचण अशी, की बसवणाऱ्याने सगळीकडे एकच नाव आणि एकच पासवर्ड दिलाय. ज्या वायफायवर ऑफिसातले मोबाईल चालतात, त्याच वायफायने नोड एकमेकांना जोडलेत. तो पासवर्ड गावातल्या निम्म्या पोरांकडे आहे. त्याला विचारलं तर त्याने नेटवर्कचं नाव लपवलं, मॅक फिल्टर (ठरावीक उपकरणांनाच प्रवेश) लावला आणि "आता सुरक्षित" म्हणून गेला. माझं समाधान झालेलं नाही.

नोडमधली लिंक वेगळी आणि पक्की कशी करायची? मेश (नोडनी एकमेकांना जोडून आपोआप रस्ता शोधणारं जाळं) करावं की सरळ पॉइंट-टू-पॉइंट (दोनच नोडमधली थेट लिंक)? वायफायचं डब्ल्यूपीए२ संरक्षण पुरेसं आहे का, की वर आणखी व्हीपीएन (दोन टोकांमधला एन्क्रिप्टेड बोगदा) हवाच? मोटारीचा प्रश्न आहे, म्हणून काळजी वाटते.

शून्य_डेसिबल

समाधान झालं नाही ते बरोबरच आहे. नाव लपवल्याने काहीच लपत नाही. दूरचा नोड जोडणी मागतो तेव्हा ते नाव उघडच हवेत जातं. मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) तर प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे हवेतल्या निरोपाच्या, डोक्यावर एन्क्रिप्शनविना लिहिलेला असतो. लॅपटॉप घेऊन बांधावर बसलेला माणूस तो वाचतो आणि स्वतःच्या कार्डाला तोच अ‍ॅड्रेस देतो. दोन्ही उपाय काढून टाकलेत तरी तुमची सुरक्षितता तसूभर कमी होणार नाही.

पहिलं काम: मोबाईलची वायफाय आणि नोडमधली लिंक वेगळी करा. रेडिओ वेगळा, नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. लिंकचा पासवर्ड कुणाच्याही मोबाईलमध्ये कधीच टाकायचा नाही. एवढं केलंत तरी निम्मा धोका जाईल.

द्राक्षबाग_तासगाव

२ किलोमीटरच्या मध्ये ऊस आहे का? आमच्याकडे ऊस वाढला की लिंक तुटते आणि ऊस तुटला की लिंक जुळते. :)

उपसा_सिंचन

ऊसच ऊस आहे दादा. पण जॅकवेल पुराच्या पातळीच्या वर बांधलेली असल्याने उंची बरी मिळते.

यवतेश्वर_घाट

विषय सुरक्षिततेचा आहे, पण आधी लिंक टिकली पाहिजे. समोरचा नोड नुसता डोळ्यांना दिसून भागत नाही. मधल्या हवेत फ्रेनेल झोन, म्हणजे सरळ रेषेभोवतीचा रेडिओ लहरींचा फुगीर पट्टा, मोकळा लागतो. ५.८ गिगाहर्ट्झला ५ किलोमीटरच्या लिंकमध्ये बरोबर मध्यावर त्याची त्रिज्या साधारण ८ मीटर येते, २ किलोमीटरला ५ मीटर. त्यातला ६० टक्के भाग तरी मोकळा हवा. म्हणजे जॅकवेलच्या लिंकला मध्यावर उसाच्या शेंड्यावर आणखी ३ मीटर. ऊस दहा-बारा फूट धरा आणि मग पाइप किती उंच लागतो ते मोजा. उन्हाळ्यात, लावण लहान असताना, लिंक बसवून खूश होऊ नका.

आमच्या सातारच्या बाजूला उलटं दुखणं. उंची भरपूर, पण यवतेश्वर, ठोसेघर, चाळकेवाडीकडे पाऊस आणि धुकं. लोक धुक्याला दोष देतात. ५ गिगाहर्ट्झला धुक्याचा त्रास जवळजवळ नाही, पावसाचाही किरकोळ. खरा त्रास कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्याचा आणि ओल्या झाडांचा. आणि विजेचा. उंच टाकीवर नोड आहे म्हणता, तर शिल्डेड केबल, सर्ज प्रोटेक्टर आणि स्वतंत्र अर्थिंग आधी बघा.

रेडिओ_ताई

मूळ प्रश्नाकडे येते. मी मिरजेत अशाच लिंकचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मेश की पॉइंट-टू-पॉइंट? तुमचे तीन नोड आहेत, तिन्ही जागचे हलणार नाहीत आणि जॅकवेलवरून चेंबरला जायला टाकीशिवाय दुसरा रस्ता नाही. मेशचा फायदा एक रस्ता बंद झाला तर दुसरा शोधण्यात असतो. इथे दुसरा रस्ताच नाही. शिवाय एकाच रेडिओवर मेश चालवलं की तोच रेडिओ ऐकणार आणि तोच पुढे पाठवणार, त्यामुळे दर टप्प्याला वेग जवळपास निम्मा होतो. टाकीवर दोन रेडिओ लावा, एक नदीकडे तोंड करून आणि एक माळाकडे. दोघांना वेगळे चॅनल आणि वेगळे पासवर्ड. दोन्ही लिंक डब्ल्यूडीएस, म्हणजे चार अ‍ॅड्रेसवाल्या मोडमध्ये ठेवा, म्हणजे पलीकडच्या उपकरणांचे खरे मॅक अ‍ॅड्रेस अलीकडे दिसतात आणि व्हीलॅन (एकाच केबलवरची वेगवेगळी नेटवर्कं) नीट पार होतात.

डब्ल्यूपीए२ की त्याची नवी आवृत्ती डब्ल्यूपीए३? दोन्हीकडची उपकरणं घेत असतील तर डब्ल्यूपीए३. कारण असं. डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणीच्या वेळी चार निरोपांची देवाणघेवाण होते. ती कुणी हवेतून टिपून घेतली, तर घरी जाऊन निवांत लाखो पासवर्ड तपासून बघता येतात, तुम्हाला पत्ताही लागत नाही. २०१८ पासून तर एका पद्धतीत पूर्ण जोडणी टिपायचीही गरज उरली नाही, अ‍ॅक्सेस पॉइंटकडून मिळालेली एक फ्रेम पुरते. डब्ल्यूपीए३ मधल्या एसएई या जोडणीच्या पद्धतीत प्रत्येक अंदाज तुमच्या नोडसमोर उभं राहूनच करावा लागतो. घरी नेऊन तपासण्यासारखं काही हाती लागत नाही.

जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए२ चालेल, पण फक्त एईएस एन्क्रिप्शनवर. टीकेआयपी हे जुनं एन्क्रिप्शन बंदच ठेवा, ते ठेवलं तर ८०२.११एन या जलद वायफायचा वेगही मिळत नाही, लिंक ५४ एमबीपीएसवर अडकते. पासवर्ड ६३ अक्षरांपर्यंत देता येतो. गावाचं नाव, देवाचं नाव, संस्थेचा स्थापनेचा सन यातलं काही नको. वीस-पंचवीस अक्षरांचा, मशीनने काढलेला, वहीत लिहून कपाटात ठेवलेला. आणि फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) दोन्ही टोकांचं अद्ययावत. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ च्या त्याच चार निरोपांत क्रॅक नावाची उणीव सापडली, तिची दुरुस्ती मुख्यतः क्लायंटच्या बाजूला लागत होती. लोक टाकीवरचा नोड अपडेट करतात आणि जॅकवेलवरचा तसाच ठेवतात.

वालचंदी_२६

ताई, पीएमएफचं लिहायचं राहिलं. ८०२.११डब्ल्यू, म्हणजे जोडणी-तोडणीच्या निरोपांना संरक्षण. ते बंद असेल तर पासवर्ड न फोडताही कुणीही "जोडणी तोड" असा खोटा निरोप नोडच्या नावाने पाठवू शकतो आणि लिंक पडत राहते. डब्ल्यूपीए३ मध्ये ते सक्तीचं आहे, डब्ल्यूपीए२ मध्ये हाताने चालू करावं लागतं.

बाकी मेशला एवढं नाकारू नका. पूर आला की एखादा नोड जाणारच. तेव्हा चौथा नोड शाळेवर असला तर मेश आपोआप वळेल. ८०२.११एस या मेशच्या वायफाय मानकातही एसएई आहे. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त फर्मवेअरवर मात्र नेहमीच्या पॅकेजमध्ये मेशचं एन्क्रिप्शन येत नाही, डब्ल्यूपॅड-मेशचं पॅकेज घालावं लागतं. आणि वर बॅटमॅन हा मेशमधले रस्ते ठरवणारा प्रोटोकॉल चालवणार असाल तर ८०२.११एस चं स्वतःचं फॉरवर्डिंग बंद करायचं. बॅटमॅनला स्वतःचं एन्क्रिप्शन नाही, हे बरेच जण विसरतात.

रेडिओ_ताई

पीएमएफबद्दल पूर्ण सहमत.

मेशबद्दल एक गोष्ट लक्षात घे. ८०२.११एस मध्ये सगळ्या नोडचा पासवर्ड एकच असतो. जॅकवेलवरून एक नोड चोरीला गेला तर पूर्ण जाळ्याचा पासवर्ड गेला. नदीकाठी मोटारीची केबल रात्रीत कापून नेतात, तिथे नोड सुरक्षित राहील असं धरून चालणं बरोबर नाही. चौथा नोड येईल तेव्हा मेशचा विचार जरूर करावा, पण आज नाही.

मोटरवाले_आबा

मी तीस वर्षं पंप ऑपरेटर हाय. तुमच्या पासवर्डातलं मला काय कळत न्हाय, पण एक सांगतो आणि ते पैलं ऐका. ऑफिसातनं मोटर बंद करा, खुशाल करा. पण ऑफिसातनं मोटर चालू करायची असंल तर जॅकवेलवर लोकल-रिमोटचा खटका पायजे आणि त्याला कुलूप पायजे. गाळ काढाया माणूस खाली उतरलेला असतो. पॅनेल उघडून कुणीतरी हात घातलेला असतो. तवा खटका लोकलवर आणि किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात. मग तुमच्या नेटवरनं कुणी काय बी दाबू दे, मोटर हालली न्हाय पायजे.

शून्य_डेसिबल

आबांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो खटका वायरिंगमध्ये हवा, सॉफ्टवेअरमध्ये नको.

त्यालाच जोडून: लिंक तुटली तर मोटर काय करणार, हे आधी ठरवा. चालू मोटर चालूच राहिली आणि चेंबर भरून वाहिलं तर माळाखालच्या शेतांत पाणी. म्हणून पातळीचा निरोप ठरावीक वेळ आला नाही तर स्टार्टरने स्वतःहून बंद व्हावं. हा टाइमर जॅकवेलवरच पाहिजे, ऑफिसात ठेवून उपयोग नाही.

आणि स्टार्टर मॉडबस टीसीपी या यंत्रांच्या भाषेत बोलत असेल तर लक्षात घ्या, मॉडबसला पासवर्डच नसतो. ५०२ पोर्टवर जो पोचला त्याचा हुकूम पाळला जातो. म्हणून स्टार्टर, कॅमेरे आणि ऑफिसचे मोबाईल हे तीन वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवा. नोडची सेटिंग उघडणारा व्हीलॅन चौथा, आणि तो फक्त ऑफिसच्या एका संगणकाला.

द्राक्षबाग_तासगाव

एवढं सगळं करण्यापेक्षा सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर का नाही? मिस्ड कॉल दिला की मोटर चालू. गावोगावी चालतंय.

उपसा_सिंचन

तो होता दादा. २०१९ च्या पुरात मोबाईलची रेंजच गेली, आणि नेमकं तेव्हाच जॅकवेलवर काय चाललंय ते कळायला हवं होतं. नदी चढत असताना मोटारी वर ओढायच्या की नाही, हे अंदाजावर ठरवावं लागलं. २०२१ ला परत तेच. म्हणून आपली स्वतःची लिंक हवी असं संचालक मंडळाने ठरवलं. मोबाईल स्टार्टर दुसरा पर्याय म्हणून राहणारच आहे.

नियमाने_चला

परवान्याचं कुणी विचारलं नाही म्हणून लिहितो. ऑक्टोबर २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवान्यातून मुक्त झाले. बाहेर, छतावर वापरता येतात. मात्र प्रत्येक पट्ट्याला ताकदीची वेगळी मर्यादा आहे. नोडमध्ये देश "भारत" हाच ठेवा. ताकद वाढवायला दुसरा देश निवडून देणारे काही जण आहेत, तसं करू नका. मधल्या काही चॅनलवर डीएफएस लागतं. रडार ऐकू आलं तर नोडला चॅनल सोडावा लागतो आणि नव्या चॅनलवर मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं. मोटारीच्या लिंकला ते परवडत नाही, ५७२५ च्या वर राहा.

आणि हीच लिंक वापरून गावाला पैसे घेऊन इंटरनेट द्यायचा विचार कुणाच्या मनात आला तर तो वेगळा विषय. त्याला परवाना किंवा पीएम-वाणीसारखी सार्वजनिक वायफायची योजना लागते. ती डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली.

वालचंदी_२६

थोडं विषयांतर. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पात पालघर जिल्ह्यातल्या गावांना टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातून मधला टप्पा जोडला होता. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत त्यांना पारितोषिकही मिळालं. कमी फ्रिक्वेन्सी झाडांमधून बरी जाते. आपल्या उसाला तीच योग्य! पण तो पट्टा असा कुणालाही वापरता येत नाही.

यवतेश्वर_घाट

जावळीच्या खोऱ्यातल्या गावांसाठी असं काही झालं तर फार बरं होईल. कोयनेच्या पाण्यापलीकडच्या वस्त्यांना अजून धड रेंज नाही.

उपसा_सिंचन

सगळ्यांचे मनापासून आभार. आता व्हीपीएनचा प्रश्न. डब्ल्यूपीए३ असताना वर वायरगार्डचा व्हीपीएन कशाला, असं आमच्या एका संचालकांचं म्हणणं आहे. मला पटवून सांगता आलं नाही.

रेडिओ_ताई

त्यांना असं सांगा. डब्ल्यूपीए३ चं एन्क्रिप्शन एका रेडिओपासून पुढच्या रेडिओपर्यंतच असतं. जॅकवेलचा निरोप टाकीवर पोचला की तिथे तो उघडा होतो आणि केबलमधून तसाच पुढे जातो. ती टाकी तुमच्या संस्थेची आहे का? तिच्यावर पाणी सोडणारा चढतो, रंगारी चढतात, उद्या दुसऱ्या कुणाचा अँटेना बसेल. तिथल्या स्विचमध्ये कुणी एक वायर खुपसली की तो आत आला. वायरगार्डमध्ये निरोप जॅकवेलवर बंद होतो आणि थेट ऑफिसात उघडतो, मधल्या टाकीला काहीच वाचता येत नाही.

दुसरं कारण चोरीचं, वर लिहिलंय तेच. वायरगार्डमध्ये प्रत्येक नोडची स्वतःची किल्ली असते. जॅकवेलवरचा राउटर गेला तर ऑफिसच्या राउटरमधून त्याची सार्वजनिक किल्ली काढून टाकायची, बस. चेंबरला हातही लावावा लागत नाही. रेडिओचा पासवर्ड बदलावा लागेल, पण तोही त्या एकाच लिंकचा, आणि तो बदलेपर्यंत स्टार्टर उघडा पडत नाही.

वेगाची चिंता नको. लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये ते २०२० पासून आहे, साध्या राउटरवर दोन कॅमेरे सहज चालतात. फक्त एमटीयू (एका निरोपाचा कमाल आकार) १४२० ठेवा, नाहीतर छोटे निरोप जातात आणि कॅमेऱ्याचं चित्र अडकतं.

मिरज_जंक्शन

वाचनखूण साठवली. ताई, यावर स्वतंत्र लेख लिहा.

शून्य_डेसिबल

ताईंशी सहमत, पण उलट चूकही करू नका. वायरगार्ड आहे म्हणून रेडिओ उघडा ठेवणारे मी पाहिलेत. मग कुणीही लिंकवर येऊन नोडचं लॉगिन पान उघडतो. जुन्या फर्मवेअरमधल्या उणिवांवरून छतांवरच्या रेडिओंमध्ये आपोआप पसरणारा किडा २०१६ मध्ये येऊन गेलाय. नोडचा मूळचा पासवर्ड बदला, टेलनेट आणि साधं एचटीटीपी बंद करा.

उपसा_सिंचन

बरेच दिवसांनी परत आलो. सांगितल्याप्रमाणे केलं. टाकीवर दोन रेडिओ, दोन्हीवर डब्ल्यूपीए३, व्हीलॅन वेगळे, वर वायरगार्ड. आबांचा खटका सगळ्यात आधी बसवला. ऑपरेटर त्यावर एकदम खूश आहेत. मोबाईलची वायफाय आता पूर्ण वेगळी.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. जॅकवेलची लाईट जाऊन परत आली की रेडिओ लिंक लगेच जुळते, सिग्नल उणे ५८ च्या आसपास, सगळं उत्तम. पण वायरगार्ड जुळत नाही. कधी कधी बराच वेळ. ऑफिस इन्व्हर्टरवर असल्याने तिकडचा राउटर बंद होत नाही. गंमत म्हणजे ऑफिसचा राउटर बंद-चालू केला की लगेच जुळतं. किल्ल्या तर बरोबर आहेत.

वालचंदी_२६

फायरवॉल? वायरगार्डचा ५१८२० यूडीपी पोर्ट दोन्हीकडे उघडा आहे का?

उपसा_सिंचन

आहे. नसता तर एरवीही चाललं नसतं.

रेडिओ_ताई

घड्याळ! तुमच्या जॅकवेलच्या राउटरमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. लाईट गेली की तो जुनी वेळ घेऊन उठतो. वायरगार्डच्या पहिल्या निरोपात वेळेचा शिक्का असतो, आणि मागच्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला तर समोरचा तो निरोप फेकून देतो. कुणी जुना टिपलेला निरोप परत पाठवू नये म्हणून ती सोय आहे. तुमच्या ऑफिसच्या राउटरला मागचा शिक्का आठवतोय. तो बंद-चालू केला की आठवण पुसते, म्हणून जुळतं. आणि जॅकवेलला बरोबर वेळ मिळत नाही, कारण तुम्ही वेळेचा सर्व्हरही बोगद्याच्या पलीकडेच ठेवला असणार.

उपसा_सिंचन

अगदी तसंच आहे! वेळ आणणारं एनटीपी वायरगार्डमधूनच जातं.

शून्य_डेसिबल

मग तीन उपाय. जॅकवेलच्या राउटरला डीएस३२३१ सारखं छोटं घड्याळ जोडा, नाण्याएवढ्या सेलवर वर्षानुवर्षं चालतं. किंवा ऑफिसच्या राउटरलाच वेळेचा सर्व्हर करा आणि तेवढा एक पोर्ट वायरगार्डच्या बाहेरून, रेडिओ लिंकवरून मिळू द्या. डब्ल्यूपीए३ च्या आत असल्याने तिथे धोका कमी.

तिसरा उपाय फुकट आहे. सध्या जॅकवेल ऑफिसला हाक मारतं, ऑफिस स्वतःहून मारत नाही. ऑफिसच्या राउटरमध्ये जॅकवेलचा पत्ता आणि पोर्ट लिहा आणि कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारी ठरावीक हाक) २५ सेकंद ठेवा. ऑफिसचं घड्याळ बरोबर आहे आणि नुकत्याच उठलेल्या जॅकवेलला मागचं काहीच आठवत नाही, त्यामुळे ऑफिसकडून आलेला निरोप जॅकवेल स्वीकारेल.

उपसा_सिंचन

तिसरा उपाय आत्ताच केला, ऑपरेटरना जॅकवेलचा मेन स्विच पाडून परत टाकायला सांगितला. दोन-तीन मिनिटांत जुळलं, ऑफिसात कुणी काही न करता. घड्याळाचं मॉड्यूलही मागवतो.

मोटरवाले_आबा

चेंबरच्या राउटरला बी हेच करा. तिथली लाईट तर जॅकवेलपेक्षा जास्त जाती.

उपसा_सिंचन

होय आबा, उद्या सकाळी माळावर जातोय.